सल्ला घ्या, डबा राहू द्या

नागपूरच्या धरमपेठेत खेळाडूंसाठी आहारसल्ला आणि डबा देणारी एक सेवा आहे. तिचं तीन महिन्यांचं पॅकेज आम्ही दिवाळीनंतर लेकीसाठी घेतलं आणि पुढे वाढवलंही. नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि माणसं काही वाईट नाहीत. पण मैदानावर भेटणारे आईबाप रोज विचारतात, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

आधी आमची परिस्थिती, म्हणजे तुमच्याशी जुळते का ते बघता येईल. लेक पंधरा वर्षांची, वजन ४६ किलो, फुटबॉलमध्ये उजव्या विंगला खेळते. आठवड्यात सहा दिवस सकाळी पावणेसहा ते पावणेआठ मैदान, तीन दिवस संध्याकाळी स्ट्रेंग्थ ट्रेनिंग, आणि या सगळ्यात नऊची शाळा. बायको नर्स आहे, तिच्या ड्यूट्या फिरत्या, त्यामुळे सकाळचा ओटा माझ्या ताब्यात. मी लोकांचे टॅक्सचे कागद करतो, त्यामुळे कुणी आकडा सांगितला की तो कुठून आला हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. ही सवय या प्रकरणात कामी आली.

सेवेकडे विकायला तीन गोष्टी आहेत. सल्ला, तीन महिन्यांचे ४,५०० रुपये. डबा, एका वेळचे १८० रुपये. आणि प्रोटीन पावडर, किलोला २,४००. तिन्हींचा दर्जा इतका वेगवेगळा आहे की एकाच दुकानाचा माल वाटत नाही.

सल्ल्यापासून सुरू करतो, कारण पैसे वसूल झाले ते तिथेच. पहिल्या भेटीआधी तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी तीन दिवसांच्या जेवणाचे फोटो मागवले आणि सोबत निरोप पाठवला, ‘घरची वाटी घेऊन या.’ मला वाटलं, काहीतरी दाखवायला असेल. त्यांनी ती स्टीलची वाटी टेबलावर ठेवली, मापाच्या ग्लासने पाणी ओतलं आणि १२० मिलीला वाटी काठोकाठ भरली. आहाराच्या तक्त्यांत वाटी धरतात ती बहुतेक दीडशे ते दोनशे मिलीची. म्हणजे ‘दोन वाट्या वरण, दोन वाट्या भात’ असं आम्ही फॉर्मवर लिहिलं होतं, ते प्रत्यक्षात प्रत्येकी सव्वा ते दीड वाटीच निघालं. आजी सोबत आल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "मी तं कधीचीच सांगून राहिली, पोट्टी चिमणीवानी खाते!"

मग हिशेब झाला. दिवसाचं खाणं सोळाशे कॅलरींच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला २,४०० कॅलरी धरल्या आहेत, आणि त्या सर्वसाधारण हालचाल करणाऱ्या मुलीला, सहा दिवस मैदानावर धावणारीला नव्हे. मॅडमनी दुसऱ्या बाजूनेही मांडून दाखवलं, आणि मला तेच जास्त पटलं. सरावात साधारण ५०० कॅलरी जळतात. सोळाशेतून त्या वजा केल्या की उरल्या अकराशे. शरीरातली चरबी सोडून बाकीचं वजन ३७ किलो धरलं, तर किलोमागे तीस कॅलरींच्याही किंचित खाली. मोठ्या बायकांवर झालेल्या अभ्यासांत पंचेचाळीसच्या आसपास असेल तर शरीर नीट चालतं, आणि तीसच्या खाली गेलं की कुठे कुठे काटकसर करायला लागतं. पाळी, हाडं, रोगप्रतिकारशक्ती, सगळीकडे हात आखडतो. वाढत्या वयात तर वाढीचा खर्च वेगळाच. ‘ही रेघ काही सुरीने कापल्यासारखी नसते,’ हेही त्यांनी बजावलं. एका आकड्याने कुणी आजारी किंवा बरं ठरत नाही. या सगळ्या प्रकाराला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये रेड-एस असं नाव दिलं आणि २०२३ मध्ये त्यावरची भूमिका नव्याने मांडली. म्हणजे विषय नवा नाही, पण आपल्याकडे मैदानाच्या कडेला कुणी बोलत नाही.

पाळीचा प्रश्न त्यांनी अगदी सुरुवातीला विचारला, मला बाहेर बसवून. ती काही महिने आलीच नव्हती, हे बायकोला माहीत होतं, पण ‘खेळणाऱ्या पोरींचं असं होतंच’ असं मैदानावर सगळेच म्हणत. मॅडमनी डाएट चार्ट द्यायच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ११.२, फेरिटिन ९. मुलींसाठी हिमोग्लोबिनची रेघ बारावर आहे आणि फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो तळाला गेलेला. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. मॅडमनी स्वतः एकही गोळी लिहून दिली नाही, आणि माझ्या मते या सेवेचा सगळ्यात मोठा गुण हाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (एनएफएचएस-५) पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे आमचीच काही वेगळी केस होती असंही नाही. पण ती अशक्त होऊन राहिली की आळशी झाली, यावर घरात जे वाद चालत ते त्या रिपोर्टने मिटले.

चार्ट हातात आला तेव्हा खरं सांगतो, मी ओट्स आणि अव्होकाडोची वाट बघत होतो. निघालं काय, तर पातोडी, गोळाभात, भाकर आणि संत्री. मॅडम नागपूरच्याच महाल भागात वाढलेल्या, त्यांना आमचं स्वयंपाकघर शिकवावं लागलं नाही. पातोडीचा रस्सा आठवड्यातून दोनदा, कारण बेसनात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रोटीन. फक्त तर्रीचं तेल अर्ध्यावर. सामन्याच्या आदल्या रात्री गोळाभात, कारण भातही पोटभर जातो आणि हरभऱ्याच्या डाळीचे गोळेही. वरून ओततो ते हिंग-मोहरीचं तेल मात्र एकच चमचा. यावर आजींचा चेहरा बघण्यासारखा होता. तेलाशिवाय गोळाभात त्यांच्या लेखी उपास.

ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी रोज चालेल, पण सामन्याच्या दिवशी सकाळी नको. चोथा जास्त, पोट जड राहतं. तिथे पोळी किंवा भात. सावजी? रविवारी खुशाल, सामन्याच्या आदल्या दिवशी बंद. तर्री-पोहे? सरावानंतर, सोबत दोन उकडलेली अंडी, आणि तर्री वेगळ्या वाटीत मागून. पोह्यांना ‘जंक’ न म्हणणारी आहारतज्ज्ञ मला पहिल्यांदाच भेटली.

खरा बदल पदार्थांत कमी आणि वेळेत जास्त झाला. पोरगी सकाळी सव्वापाचला उठून नुसत्या चहावर मैदानात जायची. आता निघताना एक केळ आणि दोन खजूर, एवढंच. घशाखाली उतरत नाही म्हणून पहिला आठवडा अर्धंच केळ. सराव संपला की गाडीतच डबा उघडायचा, घरी पोचायची वाट नाही. गूळ-तूप लावलेल्या दोन पोळ्यांची गुंडाळी, अंडी, आणि बाटलीत दूध. प्रोटीन एकदाच रात्री कोंबण्यापेक्षा दिवसभरात चार-पाच वेळा थोडं थोडं, दर वेळी पंधरा ग्रॅमच्या आसपास. आणि चहा जेवणापासून तासभर लांब, कारण चहा लोह शोषू देत नाही. उलट लिंबू, आवळा, संत्रं सोबत असलं तर अंबाडीच्या भाजीतलं, डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं. आंबिया बहाराची संत्री बाजारात होती तेव्हा हे फार सोपं गेलं. कॉटन मार्केटमधून क्रेट आणायचा आणि दर जेवणानंतर एक सोलायचं. संत्री संपल्यावर लिंबू. लोहाची गोळी दुधासोबत घ्यायची नाही, हेही त्यांनीच लक्षात आणून दिलं. दुधातलं कॅल्शियम आडवं येतं.

सामन्यांच्या दिवसांचं गणित वेगळं. युरोपातली फुटबॉल संघटना यूईएफए, तिने २०२० मध्ये तज्ज्ञांकडून जी आहारविषयक भूमिका तयार करून घेतली, तीत सामन्याच्या आदल्या दिवशी किलोमागे ६ ते ८ ग्रॅम कार्बोहायड्रेट सांगितलं आहे. ती मोठ्या, व्यावसायिक खेळाडूंसाठी. मॅडमनी आमच्यासाठी खालचा आकडा धरला, सहा. म्हणजे ४६ किलोला पावणेतीनशे ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पोळी-भात-बटाटा-केळी असं ताटात मांडून बघा, पोरगी तिसऱ्या खेपेला हात जोडते. सामन्याच्या तीन-चार तास आधी मुख्य जेवण असं पुस्तकात असतं. पण नागपुरात एप्रिल-मेमध्ये सामने सकाळी सातला लावतात, दुसरा इलाजच नाही. मग पहाटे तीनला जेवायला उठवायचं का? मॅडम म्हणाल्या, झोप मोडू नका. रात्रीचं जेवण भरपूर, सकाळी दीड तास आधी हलकं काहीतरी, आणि हाफटाइमला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

उन्हाळ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या चार्टमध्ये हे नसतं. मॅडमनी वजनकाटा मैदानावर न्यायला सांगितला. सरावाआधी आणि नंतर वजन, तेही फक्त काही दिवस, फक्त घाम मोजायला. एप्रिलच्या एका सकाळी १.१ किलो उतरलं. जेवढं उतरलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत भरून काढायचं, म्हणजे दीड लिटरच्या वर, आणि नुसतं पाणी नाही, मीठही. घरी पन्हं, ताक, वरणात मीठ असतंच. ओआरएसचं म्हणाल तर पाकीट वाचून घ्या. डब्लूएचओच्या सूत्राप्रमाणे लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. त्या नावाखाली विकली जाणारी गोड पेयं इतकी झाली की ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाला (एफएसएसएआय) सूत्र न पाळणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला मनाई करावी लागली. एनर्जी ड्रिंकचा कॅन तर पोट्ट्यांच्या हातात सर्रास दिसतो. त्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे लहान मुलांसाठी नाही. ते बारीक अक्षर मी दोन आईबापांना मोबाइलवर मोठं करून दाखवलं.

वजनाचंच निघालं म्हणून, पूर्वी एका शिबिरात सगळ्या पोरींना ओळीत उभं करून वजन मोठ्याने वाचायचे. कुठल्या शिबिरात, ते जाऊ द्या. मॅडमनी तिथल्या सरांशी स्वतः फोनवर बोलून ते बंद करवलं. पैशांत धरलेलं नव्हतं, तरी केलं.

आता तक्रारी.

पहिली त्यांच्या अ‍ॅपची. रोजचं खाणं त्यात भरायचं. ते मूळ वजन कमी करणाऱ्यांसाठी बनवलेलं दिसतं, कारण ठरवलेल्या कॅलरींपेक्षा जास्त खाल्लं की पट्टी लाल होते. जिला मुळात जास्त खायला सांगितलंय अशा पंधरा वर्षांच्या पोरीला लाल पट्टी! एका रात्री तिने पोळी परत ताटात ठेवली, ‘बाबा, लाल झालं’ म्हणून. मॅडमना कळवल्यावर त्यांनी अ‍ॅप काढून टाकायला सांगितलं आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लावले. पण हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही? आणि बाकीच्या मुलींच्या फोनमध्ये ते अजून आहे.

दुसरी, आणि मोठी, डब्याची. झाकणावर छान स्टिकर: ‘प्लेअर मील, प्रोटीन ३० ग्रॅम’. आत किनोआ किंवा ब्राऊन राइस, दोन छोट्या पोळ्या, ब्रोकोली, पनीर, थोडी डाळ. मी पनीरचे तुकडे घरच्या काट्यावर ठेवले. ६० ग्रॅम. म्हणजे प्रोटीन अकराच्या आसपास. दोन पोळ्यांचं सहा धरा, पळीभर डाळीचं पाच. बावीस. किनोआच्या चार चमच्यांतून उरलेलं आठ कुठून येणार? डबा पोचवणारा पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "काका, ऑफिसवाल्यांचा वेट लॉसचा डबा पण हाच हाये, स्टिकर फक्त वेगळं लावतेत." कॅलरीही त्याच हिशेबाने कमी. दोन तास धावून आलेल्या पोरीला डाएटिंगचा डबा, आणि वर त्याला ‘प्लेअर’ नाव.

चवीचं काय सांगू. ब्रोकोली रोज परत यायची. एप्रिलमध्ये एकदा मोड आलेली मटकी आंबलेली निघाली. फोन केल्यावर त्यांनी लगेच माफी मागितली, त्या दिवसाचे पैसे परत केले, यात मात्र खळखळ केली नाही. पण चाळीसच्या वर तापमान असताना प्लास्टिकच्या डब्यात मटकी पाठवायची हे कुणाला सुचलं? १८० रुपयांत घरी पातोडी, भाकर, दही, दोन अंडी आणि केळ होऊन वर पैसे उरतात. आम्ही डबा बंद केला.

तिसरी पावडरची. ही मॅडमनी कधीच सुचवली नाही; काउंटरवरचा माणूस दर महिन्याला सुचवतो. ‘सगळे नॅशनलवाले घेतात.’ मी कागद-पेन घेऊन बसलो. पावडर २,४०० रुपये किलो, त्यात साडेसातशे ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ग्रॅमला तीन रुपये वीस पैसे. अंडं सात रुपयांना, सहा ग्रॅम, सव्वा रुपयाच्या आत. शेंगदाणे ग्रॅमला पासष्ट पैशांच्या आसपास, फुटाणे सत्तरच्या. दूध दोन रुपयांच्या थोडं खाली, पण त्यात कॅल्शियम येतं, आणि या वयाला दिवसाला १,००० मिलीग्रॅम लागतं. सोयाबीनच्या वड्या तर पंचवीस-तीस पैसे. शाकाहारी प्रोटीनचा दर्जा थोडा कमी असतो हे मान्य, म्हणून डाळ-भात, भाकर-बेसन असं जोडीने खायचं, जे आपण तसंही खातोच.

पैशांपेक्षा मोठी भीती वेगळी. पोरगी राज्य, राष्ट्रीय स्पर्धांत खेळायची असेल तर डोपिंग चाचणी होऊ शकते. डब्यावर न लिहिलेलं काही पावडरीत निघालं तरी जबाबदार खेळाडूच, डोपिंगविरोधी जागतिक संस्थेचा, ‘वाडा’चा, नियम तसाच आहे, वय लहान म्हणून सुटका नाही. एनआयएनच्या मे २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रोटीन सप्लिमेंट टाळायलाच सांगितलं आहे. शेजारच्या सोळा वर्षांच्या मुलाने पावडर सुरू केली आणि सकाळचा नाश्ता सोडला. त्याच्या आईला मी हेच सांगितलं: आधी नाश्ता सुरू करा, पावडरच्या डब्याचं झाकण नंतर उघडा.

किरकोळ गोष्टी. ऑफिस वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद असते, धरमपेठेत गाडी लावायला जागा मिळणं नशिबाचा भाग. संध्याकाळी सहाच्या आत जा. वेळ घेऊनही अर्धा तास बसावं लागतं. मॅडम व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर देतात, पण रविवारी नाही, आणि सामने नेमके रविवारीच. बोलणं मराठीत, पोरीशी थेट, आमच्या डोक्यावरून नाही. ‘तुला काय खायला आवडतं’ हा प्रश्न त्यांनी तिला विचारला, मला नाही. त्यामुळे तिने ऐकलं.

फरक पडला का? पाळी मार्चपासून नियमित आहे. फेरिटिन वर सरकलंय, पण डॉक्टरांना हवं तिथे अजून पोचलेलं नाही. गोळ्या चालू आहेत. वजन दोन किलोने वाढलं, उंचीही थोडी. शेवटच्या वीस मिनिटांत ती आता चालत नाही, धावते, असं सर म्हणतात. यात आहाराचं किती, गोळ्यांचं किती आणि वयाचं किती, हे मी वेगळं काढू शकत नाही, आणि कुणी काढून देत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

जायचं असेल तर फक्त सल्ल्याचं पॅकेज मागा. काउंटरवर ‘कॉम्बो’ घ्या म्हणून मागे लागतात, सरळ नाही म्हणा. एकाच संघातल्या चार मुली मिळून गेल्या तर सल्ल्याच्या फीत सूट देतात, फलकावर लिहिलेलं नाही पण विचारल्यावर देतात. घरची वाटी न्या. आणि पावती आठवणीने मागून घ्या, आपणहून देत नाहीत.